सपाट माथ्याचे डोंगर

लहानपणी वाईच्या शाळेत ‘निसर्गचित्र काढा’ म्हटलं की आम्ही सगळी मुलं एकच चित्र काढायचो. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून डोकावणारा सूर्य, तिथूनच निघालेली नदी, एक झोपडी, एक नारळाचं झाड आणि मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी. वर्गाच्या खिडकीतून पाचगणीच्या पठाराची कड दिसायची, पट्टी ठेवून आखल्यासारखी सपाट. आधीच्याच तासाला भूगोलाच्या वहीत मी लिहिलेलं असायचं, की सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून झाला, म्हणून त्याच्या उतारांना पायऱ्या आहेत आणि माथे सपाट आहेत. पुढच्या तासाला मी पुन्हा त्रिकोण काढायची. या दोन तासांमधली खिडकी मी कधी पाहिलीच नव्हती.

गेल्या जूनमध्ये नोकरीतून निवृत्त झाले आणि गंगापुरीतल्या एका वाड्याच्या माडीवर भरणाऱ्या चित्रकलेच्या वर्गात जाऊन बसले. आजूबाजूला एलिमेंटरीच्या परीक्षेला बसणारी मुलं, शिकवणारे सर माझ्या मुलाच्या वयाचे. एक पॅड, कोरे कागद आणि तीन पेन्सिली: एचबी, टूबी, सिक्सबी. पेन्सिलीच्या शिशात ग्राफाइटबरोबर चिकणमाती असते, माती वाढली की शिसं कडक आणि फिकं, कमी झाली की मऊ आणि काळं, हे मला तिथे कळलं. १७९५ च्या सुमारास, युद्धामुळे इंग्लंडचं ग्राफाइट मिळेनासं झालं तेव्हा, काँते नावाच्या फ्रेंच माणसाने ही मिसळण शोधून काढली. टंचाईतून आलेली ती वस्तू मी पन्नास वर्षं हातात धरत होते, आणि ती काय आहे हे मला ठाऊक नव्हतं.

पहिल्या दिवशी सरांनी घरातली एखादी वस्तू आणायला सांगितली होती. मी आईचा पितळी तांब्या नेला. काढला तेव्हा त्याचं तोंड बांगडीसारखं गोल झालं आणि तांब्या पुढे कलंडल्यासारखा दिसू लागला. सर म्हणाले, “काकू, तोंड गोल आहे हे तुम्हाला माहीत आहे. ते थोडा वेळ विसरा. इथून काय दिसतंय?”

मी पाहिलं. गोल नव्हतंच ते. दोन्ही बाजूंनी दाबलेला, निमुळता लंबगोल होता. सरांनी तांब्या उचलून माझ्या डोळ्यांच्या रेषेत धरला, तर तोंडाची नुसती एक आडवी रेघ उरली. खाली जमिनीवर ठेवला, तसा लंबगोल हळूहळू उघडत गेला. तांब्या तोच होता. मी कुठून बघते यावर त्याचा आकार ठरत होता, आणि माझ्या डोक्यातला शब्द मात्र दरवेळी ‘गोल’ एवढंच सांगत होता.

तो तांब्या मी महिनाभर काढत राहिले. किमोन निकोलाइडीस या अमेरिकन कलाशिक्षकाचं चित्र शिकवणारं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९४१ मध्ये निघालं. त्यातला पहिलाच धडा सरांनी मला दिला. कागदाकडे बघायचं नाही. नजर वस्तूच्या कडेवर ठेवायची, पेन्सिलीचं टोक त्या कडेलाच टेकलंय असं मानायचं आणि नजर सरकेल तितकाच हात सरकवायचा. मुंगीच्या चालीने. असं करताना एका संध्याकाळी माझी नजर तांब्याच्या पोटावर अडली. तिथे एक पोचा होता, अंगठा मावेल एवढा. चिंच लावून हा तांब्या मी किती वेळा घासला असेल, पण तो पोचा मला कधी दिसला नव्हता. घरी आल्यावर आईला विचारलं. चौऱ्याऐंशी वर्षांची आई म्हणाली, “अगं, तू पोटात असताना आडावर माझ्या हातातून निसटला होता तो. सासूबाई काही बोलल्या नाहीत. मलाच बसवून म्हणाल्या, उद्यापासून पाणी मी काढते.” आजीची ही गोष्ट मला त्या पोच्याने सांगितली.

पुढची अडचण रबराची होती. एक रेघ ओढायची, चुकली की खोडायची, पुन्हा तीच चूक करायची. कागद विरून जायचा. सरांनी हात पुढे केला, “काकू, रबर माझ्याकडे द्या. चुकीची रेघ राहू दे, तिच्या शेजारी बरोबर रेघ ओढा.” मग त्यांनी रवींद्रनाथ ठाकुरांच्या हस्तलिखितांची छायाचित्रं दाखवली. कवितेतले खोडलेले शब्द एकमेकांना जोडत जोडत त्यांतून पक्षी, चेहरे, अनामिक प्राणी उगवलेले. साठी ओलांडल्यावर हा माणूस चित्रांकडे वळला आणि १९३० मध्ये पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. त्यांच्या प्रतिभेशी माझा काही संबंध नाही. पण खाडाखोडीतूनही काही उगवू शकतं, एवढा धीर मला त्या पानांनी दिला. आता माझ्या कागदावर चुकीच्या चार फिकट रेघा असतात. त्यांच्यामुळेच पाचवी कुठे ओढायची ते मला कळतं.

हळूहळू चालण्याच्या वाटा बदलल्या. दोन खांबांमधली रिकामी जागा आकार म्हणून दिसू लागली. डोळे किलकिले केले की मेणवलीच्या घाटाच्या पायऱ्या उजेड आणि सावली अशा दोनच पट्ट्यांत वाटल्या जातात, हे कळलं. हाताला वळण अजून आलेलं नाही. पण डोळा थांबायला शिकला, आणि हाताला जे येईल ते या थांबण्यातूनच येईल असं मला वाटतं.

गेल्या रविवारी पॅड घेऊन गच्चीत बसले. समोर पाचगणीचं पठार. पेन्सिल हात लांब करून धरली, अंगठ्याने उंची मोजली, एक आडवी रेघ ओढली, मग उताराच्या पायऱ्या एकेक करून खाली उतरवल्या. दोन तास गेले. प्रमाण चुकलंय, झाडं जमलेली नाहीत. पण डोंगराचा माथा सपाट आहे.