वडील कशाने गेले?

आमच्या कुळाविषयी कोणी काही विचारले तर आम्ही सहसा अडत नाही. गोत्र वत्स, कुलदेव मंगेश. तो १५६० साली कुठ्ठाळीहून नदीपलीकडे कसा नेला, हे आजोबांच्या मांडीवर बसून ऐकलेले. श्राद्धाला बसलो की पिता, पितामह, प्रपितामह ही तीन नावे, आणि मागोमाग आईकडची तीन, भटजींनी न विचारताच मुखातून निघतात. एवढी पुंजी गाठीशी असताना गेल्या पावसाळ्यात मडगावी एका मूत्ररोगतज्ज्ञांपुढे आम्ही पहिल्याच प्रश्नाला निरुत्तर झालो.

"तुमचे वडील कशाने गेले?"

"पाठीच्या दुखण्याने."

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. "पाठीच्या दुखण्याने माणूस जात नाही," ते म्हणाले. "घरी विचारून या."

आम्ही गेलो होतो ते आमच्या दादांमुळे. चैत्रात त्यांची पाठ दुखू लागली. तेले झाली, काढे झाले, आणि अखेर कळले की प्रोस्टेट ग्रंथीत उद्भवलेला कर्करोग मणक्यापर्यंत पोहोचला आहे. आता इंजेक्शनांनी तो आटोक्यात आहे, एवढेच.

त्या संध्याकाळी दादा सोप्यावर बसले होते. आम्ही डॉक्टरांचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. ते बराच वेळ अंगणातल्या तुळशीकडे पाहत राहिले. "हेच दुखणे," ते म्हणाले. "मुंबईस मीच घेऊन गेलो होतो. तू तेव्हा बडोद्यास होतास. बाहेर कळता कामा नये, अशी बाबांनी शपथ घातली होती."

ही १९८८ सालची गोष्ट. बाबांचे वय ६३ होते. त्या वर्षी त्यांनी पालखीबरोबर चालणे सोडले, तेव्हा महाजनांपैकी काहीजण म्हणाले की यांची भक्ती ओसरली. खरे पाहता धोतर ओले होईल ह्या भयाने ते देवळात उभे राहत नव्हते. दादांनी ते सदतीस वर्षे पोटात ठेवले, आणि ठेवता ठेवता ते आपल्यालाही लागू पडते हे विसरले, की विसरू इच्छिले, हे आम्ही विचारले नाही. प्रथम आम्हांस रागच आला होता. परंतु शपथ आमच्या वाट्यास आली असती तर आम्ही काय निराळे केले असते?

दुसऱ्या खेपेस आम्ही उत्तर घेऊन गेलो, तेव्हा डॉक्टरांनी पुढचे सांगितले. पीएसए नावाची रक्ताची तपासणी आहे. तिचा आकडा कर्करोगात वाढतो, तसाच उतारवयात ग्रंथी नुसती मोठी झाली तरी वाढतो, जंतुसंसर्गानेही वाढतो. हल्ली रक्ततपासणीच्या 'पॅकेज'मध्ये तो आपोआप हाती येतो. बरोबर विचारायचे प्रश्न मात्र येत नाहीत. युरोपात ८ देशांतील ५५ ते ६९ वयाच्या १,६२,००० पुरुषांवर मोठा अभ्यास झाला. त्याचा २३ वर्षांनंतरचा हिशेब २०२५ साली प्रसिद्ध झाला: ४५६ जणांस तपासणीस बोलावले, तेव्हा ह्या रोगाचा एक मृत्यू टळला, आणि त्यासाठी एरवीपेक्षा १२ जणांस अधिक रोगनिदान ऐकावे लागले. ह्यांतील कित्येकांचा रोग इतका मंद की त्याने त्यांस जन्मात त्रास दिला नसता. उलट शस्त्रक्रियेने वा किरणांनी मूत्रावरचा ताबा सुटतो, पुरुषत्व उणावते.

म्हणून आता जोखीम पाहून तपासावे असा विचार पुढे आला आहे. वय किती, वडिलांस वा भावास हा रोग झाला होता काय, व कोणत्या वयात. तसेच घरातल्या बायकांना स्तनाचा वा बीजकोशाचा कर्करोग होता काय, कारण काही जनुकदोष आईकडूनही येतात. जर्मनीत एका अभ्यासात ४५ व्या वर्षी आकडा १.५ हून कमी आला तर पाच वर्षे थांबतात. त्याहून अधिक पण ३ च्या आत असला तर दोन वर्षांनी पुन्हा पाहतात. ३ वा त्यापुढे गेला तरच पुढची पायरी. आणि ती पायरीही आता थेट सुईची नाही, आधी एमआरआय. स्वीडनमधील गोटेनबर्ग येथील अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०२२ साली आले, चित्रात संशयित जागा दिसली तरच तुकडा घेतला. त्यामुळे निरुपद्रवी रोगाची निदाने निम्म्यावर आली.

आमचा आकडा ३.६ आला. वडील आणि भाऊ दोघेही म्हटल्यावर डॉक्टरांनी तो हसण्यावारी नेला नाही. एमआरआय नितळ निघाला. सुई टळली, वर्षाने पुन्हा यायचे आहे. त्या यंत्राच्या नळीत, कानठळ्या बसवणाऱ्या ठोक्यांत, आम्ही पितरांची नावे घेतली हे येथे कबूल करतो. प्रपितामहांपुढे गाडी जाईना.

मात्र आमच्यापेक्षा निकडीचा प्रश्न दादांच्या दोन्ही मुलांचा होता. थोरला ४३ वर्षांचा, धाकटा ४०. त्यांना 'बाबांची पाठ' एवढेच ठाऊक. "मी सांगू का?" असे आम्ही दोनदा विचारले. दोन्ही वेळा दादांनी विषय बदलला.

यंदा माघी जत्रेस दोघेही आले होते. रात्री पालखी परत आल्यावर दादा दीपमाळेच्या कट्ट्यावर टेकले आणि त्यांनी थोरल्यास हाक मारली. "बस इथे. तुझ्या आजोबांचे एक सांगायचे राहिले आहे." धाकटा प्रसाद घेऊन येत होता, त्यास आम्ही हाताने तिकडे वळवले, आणि स्वतः चपला शोधण्याच्या निमित्ताने मागे राहिलो.