आजीच्या सासूचं नाव

गेल्या पितृपक्षात मी आणि माझा धाकटा भाऊ काशीला गेलो. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत आमचे उपाध्ये राहतात. बिंदुमाधवाच्या देवळापासून त्यांचं घर चार पावलांवर आहे. त्यांनी भावाला पाटावर बसवलं आणि संकल्पासाठी एकेक नाव विचारायला सुरुवात केली. वडील, आजोबा, पणजोबा झाले, वसु-रुद्र-आदित्य झाले. मग आई, मग आजी. ‘पणजीचं नाव?’ गुरुजींनी विचारलं. भावाने माझ्याकडे पाहिलं. मी घरातली थोरली, तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली. पण आजीच्या सासूचं नाव मला ठाऊक नव्हतं. घरात सगळे तिला ‘काकी’ म्हणायचे, एवढंच माहीत होतं. ‘नावावाचून कार्य अडत नाही, ताई,’ गुरुजी म्हणाले. ‘संध्याकाळी या, वहीत पाहू.’ पिंडदान होईपर्यंत मी मान खाली घालून बसले होते.

संध्याकाळी गेलो. गुरुजींनी लाल बासनात बांधलेल्या लांबट, अरुंद वह्या पुढे ठेवल्या आणि गाव विचारलं. मी गाव सांगितलं आणि जिल्हा सिंधुदुर्ग म्हटलं. त्यांनी दोन बासनं सोडली, बांधली, मान हलवली. आत त्यांचे वडील आडवे झाले होते. ते तिथूनच म्हणाले, ‘रत्नागिरीत बघ, मालवण तालुका.’ सिंधुदुर्ग जिल्हा झाला १९८१ साली, आणि वह्या त्याच्या कितीतरी आधीच्या. तीर्थोपाध्यांच्या वह्या गावाप्रमाणे लावलेल्या असतात. आधी प्रांत, मग तालुका, मग गाव, मग आडनाव. आपण नव्या नकाशाचं नाव घेतलं की ते पान सापडत नाही. जुनं नाव सांगताच पाच मिनिटांत आमचं घराणं समोर आलं.

दोन नोंदी निघाल्या. एक पणजोबांच्या हातची, बाळबोध लिपीत, स्वच्छ. वर गुरुजींच्या आजोबांनी संवत १९७०, आश्विन कृष्ण ९ असं लिहिलं होतं. दुसरी खापरपणजोबांची, शके १७८८ची, मोडीत. म्हणजे १८६६. मुंबईहून जबलपूरमार्गे अलाहाबादपर्यंत सलग रेल्वे सुरू झाली १८७० साली. त्याआधी चार वर्षं कोकणातून निघालेला हा माणूस बहुतेक वाट पायी किंवा बैलगाडीतून चालला असणार. त्याचं अक्षर माझ्या मांडीवर होतं आणि मला त्यातला एक शब्दही वाचता येत नव्हता. मोडीत लेखणी न उचलता सलग लिहितात, शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. गुरुजींच्या वडिलांनी उठून बसत ती सावकाश वाचली आणि मी भराभर वहीत उतरवून घेतली. पणजोबांच्या नोंदीत मात्र ‘काकी’चं नाव होतं. मी ते तीनदा वाचलं. इथे ते लिहीत नाही, घरातली कुणाचीच नावं लिहीत नाही.

माझ्या भाच्याने निघताना लॅपटॉपवर ‘ग्रॅम्प्स’ नावाचा प्रोग्रॅम घालून दिला होता. वंशावळ ठेवण्याचा. फुकट मिळतो, २००१ पासून जगभरातले हौशी लोक मिळून तो बनवत आले आहेत. धर्मशाळेच्या खोलीत रात्री मी तो पहिल्यांदा उघडला. मला वाटलं होतं, झाड दिसेल आणि फांद्यांवर नावं लिहायची. समोर आले रिकामे तक्ते: व्यक्ती, कुटुंब, घटना, स्थळ, आधार. मी आईला लिहिलं, वडिलांना लिहिलं, स्वतःला लिहिलं. तीन माणसं तीन ओळींत एकमेकांना न ओळखता उभी राहिली. रात्री अकराला भाच्याला फोन केला. तो म्हणाला, ‘मावशी, माणसं एकमेकांना थेट जोडली जात नाहीत. आधी कुटुंब करायचं, त्यात नवरा, बायको, मुलं बसवायची.’ म्हणजे आई आणि मी यांच्यामध्ये ‘कुटुंब’ नावाची एक वेगळी नोंद असते, तिला स्वतःचा क्रमांक असतो. हे कळायला मला दीड तास लागला.

नावाच्या खिडकीत मी पुन्हा अडले. तिथे नाव आणि आडनाव अशा दोन जागा. आपलं मधलं नाव, बापाचं, ते कुठे घालायचं? मी ते पहिल्या जागेत नावाला जोडून टाकलं. नंतर दिसलं की एका माणसाला एकापेक्षा जास्त आडनावं देता येतात आणि प्रत्येकाचं मूळ काय तेही निवडता येतं. त्या यादीत ‘पॅट्रोनिमिक’ असा शब्द होता. मी त्याचं मराठी केलं ‘बापावरून पडलेलं’, आणि सगळ्या पुरुषांची नावं पुन्हा लिहिली.

बायकांची नावं लिहिताना मात्र प्रश्न सोपा राहिला नाही. वंशावळीच्या कामात रीत अशी की स्त्रीचं मुख्य नाव जन्मनाव धरायचं आणि लग्नानंतरचं ‘आणखी एक नाव’ म्हणून खाली नोंदवायचं. मी आईला सासरच्या नावाने लिहून बसले होते. तिचं दुरुस्त केलं, आजीचं कसंबसं केलं. आपल्याकडे लग्नात नुसतं आडनाव बदलत नाही, पहिलं नावही बदलतं. ‘काकी’चं जे नाव त्या दिवशी मिळालं ते सासरचं. माहेरच्या नावाची जागा मोकळी राहिली, आणि दिवसभर नाव सापडल्याचा जो आनंद होता तो तिथे थांबला.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना उत्साहाने सांगितलं की पणजोबा एकाच वर्षात दोनदा काशीला आले होते. आमच्या घरी त्यांचं एक टिपण आहे, त्यात शके १८३५, भाद्रपद वद्य ९ला काशीस श्राद्ध केल्याचं लिहिलंय. इथल्या वहीत आश्विन कृष्ण ९. मी एक घटना सप्टेंबरात घातली आणि दुसरी ऑक्टोबरात. गुरुजी म्हणाले, ‘ताई, इकडे महिना पौर्णिमेला संपतो, तुमच्याकडे अमावास्येला. तुमचा भाद्रपद वद्य तो आमचा आश्विन कृष्ण. तिथी एकच.’ आणि वर्षही एकच. शकात १३५ मिळवले की विक्रम संवत येतो, १८३५चे १९७० होतात. आणि शकात ७८ मिळवले की इसवी सन, वर्षाच्या शेवटच्या तीन-एक महिन्यांत ७९. हिशेब डोक्यात पक्का बसावा म्हणून त्यांनी ओळखीचं उदाहरण दिलं. नाथांनी एकनाथी भागवत इथे काशीत पुरं केलं ते शके १४९५, म्हणजे १५७३. पितृपक्षात, पितृपक्षाचं कार्य करायला आलेली मी, आणि पक्ष कोणत्या महिन्याचा म्हणायचा हे मला इथे येऊन समजलं. दोन यात्रांची एक केली.

तारखेच्या खिडकीत हिब्रू, इस्लामी, इराणी, इतकंच काय फ्रेंच राज्यक्रांतीचंही कॅलेंडर निवडायची सोय होती. शालिवाहन शक त्या यादीत नव्हता. मी पहिल्यांदा सगळीकडे नुसता इसवी सन घातला. ते चूक होतं, कारण मूळ नोंद काय होती हेच त्यात बुडालं. आता इसवी सन तारखेत घालते आणि शके, मास, पक्ष, तिथी जशीच्या तशी शेजारी टिपणात लिहिते. स्थळांचंही तसंच झालं. वह्या वाचता वाचता मी काशी, बनारस आणि वाराणसी अशी तीन गावं तयार केली होती. सरकारी नाव वाराणसी झालं ते मे १९५६मध्ये. स्थळ एकच ठेवून त्याला अनेक नावं देता येतात, आणि कोणतं नाव कधीपासून हेही लिहिता येतं. आमचं गावही तसंच दोन जिल्ह्यांत ठेवलं, १९८१पर्यंत एकात आणि पुढे दुसऱ्यात.

सर्वांत मोठा घोटाळा दुसऱ्या रात्री केला. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. समजा गणेश विष्णू, त्याचा मुलगा विष्णू गणेश, त्याचा मुलगा पुन्हा गणेश विष्णू. यादीत एकाच नावाच्या दोन ओळी पाहून मला वाटलं, मीच चुकून दोनदा लिहिलं. प्रोग्रॅममध्ये दोन नोंदी एक करायची सोय आहे, ती मी वापरली. आजोबा आणि नातू एक झाले, आणि तो माणूस स्वतःच्याच मुलाचा मुलगा होऊन बसला. उलगडून पूर्ववत करायला पहाट झाली. तेव्हापासून रोज काम संपलं की पूर्ण प्रत वेगळी काढून ठेवते, आणि नावापुढे जन्माचं वर्ष माहीत नसेल तर अंदाजे म्हणून तरी घालतेच.

गुरुजींनी सुचवलं की घरच्या माणसांवर हात बसेपर्यंत इथल्याच एखाद्या घराण्यावर सराव करा. मी भट्टांचं घराणं घेतलं. रामेश्वरभट्ट पैठणहून काशीला आले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट यांच्या पुढाकाराने १५८५च्या सुमारास विश्वेश्वराचं देऊळ पुन्हा उभं राहिलं. नारायणभट्टांचे रामकृष्ण, त्यांचे दिनकर, आणि दिनकरांचे विश्वेश्वर, म्हणजे १६७४ साली रायगडावर शिवरायांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट. नारायणभट्टांच्या दुसऱ्या मुलाने, शंकरभट्टांनी, घराण्याची हकीकत संस्कृतात लिहून ठेवली. तेव्हा हे काम या गल्ल्यांना नवं नाही. पाच पिढ्या मी अर्ध्या तासात भरल्या. मग पाहिलं तर पाच पुरुषांच्या बाजूला मला एकाच स्त्रीचं नाव भरता आलं होतं: रामकृष्णभट्टांची पत्नी उमा, ‘निर्णयसिंधु’कार कमलाकरभट्टांची आई. बाकी चार चौकोन रिकामे. एवढ्या विद्वान, एवढ्या लिहित्या घराण्याचा तक्ता माझ्या हातून असा उतरला, तर आमच्या घरातल्या ‘काकी’चं माहेर कोणी लिहून ठेवलं असेल?

तिसऱ्या दिवशी मी मोडीतली १८६६ची नोंद भरायला घेतली. गुरुजींच्या वडिलांनी वाचलेल्या मजकुरात खापरपणजोबांच्या नावात ‘बिन’ असा शब्द होता. तो मी नावाचाच भाग म्हणून लिहिला. शेवटच्या ओळीत ‘गं. भा. अमुकबाई कोम तमुक’ असं होतं. इथे ‘कौम’ म्हणजे जात किंवा समाज, म्हणून मी ‘तमुक’ ही जात समजून टिपणात टाकली, आणि ती बाई कोणी सहप्रवासी असावी असं ठरवून सोडून दिली. संध्याकाळी प्रत दाखवायला गेले तेव्हा म्हाताऱ्या गुरुजींनी बोट ठेवलं. ‘बिन म्हणजे मुलगा, अमक्याचा. कोम म्हणजे बायको. जुन्या कागदांत असंच लिहीत. आणि तुम्ही वरचा शब्द गाळलात. बहीण असं लिहिलंय.’ मी माझी वही पाहिली. ‘बहीण’ खरंच गाळलं होतं.

खापरपणजोबांना बहीण होती. आमच्या घरच्या कोणत्याही तक्त्यात ती नाही. तरुणपणीच विधवा झालेली असावी, कारण तेव्हा भाऊच पंचविशीचा होता. भावाबरोबर एवढी वाट चालून ती काशीला पोचली होती. आणि मग मला १९१३ची नोंद आठवली. पणजोबांनी पिंडांच्या यादीत एक ‘आत्या’ लिहिली होती, नाव न देता. ही कोण, हे आम्हाला कळलं नव्हतं. महालयात आत्यालाही पिंड असतो. सत्तेचाळीस वर्षांनी भाचा त्याच घाटावर आला आणि आत्याला विसरला नाही. मी तिच्या नावाची नोंद केली, नवऱ्याची केली, दोघांचं कुटुंब केलं आणि तिला भावाच्या शेजारी बसवलं. माझा भाऊ शेजारी उभा होता. तो म्हणाला, ‘उद्या हिच्या नावाने एक पिंड घालतो.’ आणि घातला.

तेव्हाच मला ‘आधार’ हा तक्ता कशासाठी आहे ते नीट समजलं. तोवर मी तो रिकामा सोडत होते. त्यात तीन पायऱ्या आहेत. वस्तू कुठे ठेवली आहे ते कोठार, म्हणजे गुरुजींचं घर. ती वस्तू, म्हणजे मालवण तालुक्याची वही. आणि त्या वहीतली नेमकी जागा, पान आणि नोंद. शिवाय भरवसा किती, अगदी कमीपासून अगदी जास्तपर्यंत. ‘काकी’चं नाव पणजोबांच्या हस्ताक्षरात आहे, भरवसा जास्त. आजीच्या माहेरचं नाव मी लहानपणी ऐकलेलं, भरवसा कमी. ‘बहीण’ हा शब्द मी गाळला तेव्हा मूळ पानाचा फोटो घेतलेला नव्हता. म्हातारे गुरुजी समोर नसते तर माझी चुकीची प्रतच पुढच्या पिढ्यांना मूळ वाटली असती. आता पानाचा फोटो नोंदीला जोडल्याशिवाय मी एक अक्षर भरत नाही.

निघायच्या दिवशी गुरुजींनी वही पुढे केली. भावाने लिहिलं, मग लेखणी माझ्याकडे दिली. मी तारीख तीन प्रकारे लिहिली. आईचं नाव सासरचं आणि माहेरचं लिहिलं, तिच्या आई-वडिलांची नावं लिहिली, गाव लिहिलं आणि माझंही दोन्ही नावांनी लिहिलं. खाली आत्याबाईंचं नाव आणि १८६६च्या नोंदीचा पान क्रमांक.

‘काकी’च्या माहेरच्या नावाची जागा अजून मोकळी आहे. ते सांगू शकणारी एक चुलत आत्या होती, ती गेल्या वैशाखात गेली. तुमच्या घरात ऐंशी-नव्वदीच्या कोणी असतील, तर प्रोग्रॅम नंतर शिका. आज त्यांच्याजवळ बसा, त्यांच्या आजीचं आणि सासूचं माहेरचं नाव आणि गाव विचारा, आणि कोणी सांगितलं, कोणत्या दिवशी सांगितलं, ते त्याखाली लिहून ठेवा.