मॉरिशसमधला शेवटचा दिवस

परदेशातला शेवटचा दिवस म्हणजे बॅगांचा दिवस! काय ठेवायचं नि काय न्यायचं, ह्यातच बाईचा जीव अडकलेला. माझे धाकटे दीर नोकरीनिमित्त मॉरिशसला आहेत, म्हणून लासूर स्टेशनच्या आम्हां दोघांना हा योग आला. दहा दिवसांत समुद्र पाहिला, मैलोगणती उसाचे मळे पाहिले, गंगा तलावावर हात जोडले. देश अगदी मनात भरला.

निघायच्या सकाळी जाऊ म्हणाली, "ताई, घाट राहिलाच की!" बॅगा तशाच टाकून आम्ही पोर्ट लुईच्या बंदरावरचा आप्रवासी घाट पाहायला गेलो. घाट म्हटल्यावर मला पैठणची गोदामाई आठवली. पण इथं ना स्नान ना देऊळ. काळ्या दगडाच्या सोळा पायऱ्या, बस्स! 1834 ते 1920 ह्या काळात उसाच्या मळ्यांसाठी जवळजवळ पाच लाख मजूर करारावर ह्या बेटावर आणले गेले. त्यांत बिहारकडचे पुष्कळ. पण मुंबई बंदरातून आलेली रत्नागिरी, साताऱ्याकडची आपली मराठी माणसंही होती. त्यांतली कितीतरी पुन्हा गावी परतलीच नाहीत. आणि माझ्या पर्समध्ये मात्र परतीचं तिकीट!

दुपारी शेजारच्या आजींचा निरोप घ्यायला गेले. त्यांचे पणजोबा असेच आलेले. घरात सगळे क्रिओल बोलतात, पण गणपतीची आरती मराठीतच होते. तिथं गणेशचतुर्थीला सरकारी सुट्टी असते बरं का! नात शाळेत मराठी शिकते. तिनं वही दाखवली. मी शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते, म्हणून सवयीनं चुका शोधू लागले. 'ळ' इतका सुबक काढला होता, की आमच्या वर्गात दोघा-तिघांनाच तसा जमेल.

तेवढ्यात आजींनी अडखळत विचारलं, "बाई, रत्नागिरी कशी आहे?"

खरं सांगते भगिनींनो, मला उत्तर देता येईना. समुद्र ओलांडून मॉरिशस पाहिलं, पण रत्नागिरी कधी पाहिली नव्हती. गावाचं नावसुद्धा त्यांच्यापाशी उरलं नव्हतं, जिल्ह्याचं तेवढं राहिलं होतं. माझ्याकडून त्यांना एवढंच ऐकायचं होतं. मी "छान आहे" म्हणाले आणि मनातून ओशाळले.

आल्याआल्या त्यांना शेंगदाण्याची चटणी डबा भरून दिली होती. तो डबा त्यांनी आता परत दिला, साखरेनं भरून! रिकामा डबा परत देऊ नये, ही आपली रीत चार पिढ्या आणि एवढा समुद्र मध्ये असूनही त्या घरात टिकली होती. बॅगेचं वजन वाढलं, तेव्हा मी दोन साड्या काढून जावेकडे ठेवल्या, डबा घेतला.

विमानात घड्याळ दीड तास पुढं केलं. दुसऱ्या दिवशी रेल्वेनं लासूर स्टेशनला उतरलो. बाहेर कांद्यानं भरलेल्या गाड्या उभ्या होत्या. घरी येऊन पहिला चहा त्या साखरेचा केला. ह्यांना म्हटलं, "दिवाळीच्या सुट्टीत रत्नागिरीला जायचं."

"एवढ्यात पुन्हा प्रवास?" ह्यांनी विचारलं.

"आजींच्या नातीला पत्र लिहायचंय," मी म्हटलं, "सोप्या मराठीत."