दादर टी.टी.
राजगृहाला जाताना आम्ही दादर टी.टी.ला उतरतो. मुले विचारतात, टी.टी. म्हणजे काय? ट्राम टर्मिनस! मुंबईत १८७४ साली घोड्यांची ट्राम आली, १९०७ साली विजेची. ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्राम धावली. रूळ गेले. परळ-दादरच्या त्या रस्त्याला आज बाबासाहेबांचे नाव आहे आणि त्यावरून बस धावते.

आमचे आजोबा सांगत, गावच्या पाणवठ्यावर आपल्याला मज्जाव. ट्राममध्ये मात्र तिकीट काढले की कुणाच्याही शेजारी बसावे. तिकिटावर जात नसे.

२०२५ साली बसचे किमान भाडे ५ वरून १० रुपये झाले. कामगाराच्या खिशाला ते बोचते. बंधू-भगिनींनो, सर्वांना एका बाकावर बसवणारी ही बस गरिबाच्या आवाक्यात राहिलीच पाहिजे. जय भीम!