पहार, पाइप आणि अब्बांची खुर्ची

गेल्या उन्हाळ्यात आम्ही अब्बांचं रंधा मशीन हलवलं.

चुडाव्यातलं त्यांचं सुतारकामाचं दुकान भाड्याच्या जागेत होतं. मालकानं जागा मागितली. बाकी हत्यारं हातगाडीवरून दोन खेपांत घरी आली, पण मशीन बिडाचं, आठ क्विंटलच्या आसपास. नांदेडहून क्रेन आणावी तर ती आमच्या बोळात शिरणार नाही. भंगारवाला दोनदा येऊन भाव सांगून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा अब्बांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "मशीन घर को जाती."

अब्बांचे गुडघे गेलेत. म्हणून दुकानाच्या दारात एक खुर्ची टाकली आणि हलवायचं काम माझ्यावर, धाकट्या भावावर आणि शेजारच्या तीन पोरांवर आलं.

पहिल्या दिवशी मशीन जागचं हललंच नाही. अब्बांनी आधी मोटार उतरवायला लावली, पट्टा काढला, पाती काढून पोत्यात गुंडाळली, टेबल अगदी खाली घ्यायला लावलं. वजन जेवढं खाली तेवढं मशीन कलंडायची भीती कमी. मला हे सगळं उगीच लांबण वाटत होतं. सहा माणसांनी जोर लावला की झालं, असं माझं मत.

दुसऱ्या दिवशी पहार लावली. पाच फुटी पहार, टोकापासून पाच इंचांवर बाभळीचा ठोकळा. म्हणजे इकडे पंचावन्न, तिकडे पाच, ताकद अकरापट. एक बाजू उचलायची तर निम्माच भार, चार क्विंटल. चाळीस किलोचा जोर पुरतो, एक माणूस बस्स. मी भाषेचा मास्तर. तरफेची आकृती कधीकाळी बी.एड.ला पाठ घेताना फळ्यावर काढली होती. ती पायाखाली पाहिली आणि अंगात आलं. मशीनची कड दोन इंच उचलली गेल्याबरोबर पाइप सरकवायला मी हात आत घातला.

"हात कायकू डालताय? लकडी डाल, लकडी!"

अब्बा खुर्चीतून अर्धे उठले होते. मी हात ओढला आणि त्याच क्षणी ठोकळा घसरला. मशीन धप्पकन खाली बसलं. पाइप चेपला. माझी बोटं शाबूत, अल्हम्दुलिल्लाह. पण त्यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही.

मग त्यांची पद्धत निमूटपणे पाळली. इंचभर उचलायचं, लगेच लाकूड सारायचं, मगच पुढचा इंच. पहार उचलण्यापुरती, भार धरून ठेवायचा तो लाकडानं. पाइप आत सरकवायचा तोही काठीनं.

आमची काळी माती पाइप गिळते, म्हणून खाली फळ्या अंथरल्या. पाऊस पडल्यावर हे काम विसरा. दीड इंची पाइपचे सहा तुकडे, तीन मशीनखाली, बाकीचे पुढे मांडायला. पाइप एक फूट सरकतो तेव्हा वरचं मशीन दोन फूट जातं, म्हणून तो मागे पडतो. मागे सुटलेला उचलून पुढे ठेवायला एक पोरगा कायमचा लागतो. वळण घ्यायचं तर पाइप किंचित तिरपा ठेवायचा.

पोरं दमली की अब्बा मुलुखमैदान तोफेची गोष्ट काढत. १५४९मध्ये अहमदनगरला ओतलेली, साधारण पंचावन्न टनांची तोफ. आधी परंड्याच्या किल्ल्यात होती, १६३२मध्ये तिथून विजापूरला नेली. दहा हत्ती आणि चारशे बैल जुंपले होते, असं सांगतात. "और तुम पांच जने आठ क्विंटल को रोतें," अब्बा म्हणत. हत्ती आम्हाला परवडले नसते हे मी बोललो नाही.

खरी अडचण बोळाच्या उतारावर. तिथे मशीन ओढायचं नसतं, अडवायचं असतं. दोराचे दोन वेढे कडुनिंबाच्या बुंध्याला घेतले आणि सैल सोडायचं काम धाकट्याकडे दिलं. वेढ्यांमुळे एवढा भार एका माणसाला पेलवला. मशीनच्या पुढे उतारावर कुणी उभं राहायचं नाही, ही अब्बांची सक्त ताकीद. मी तर आधीच भिंतीला चिकटलो होतो.

असरची अजान झाली तेव्हा मशीन घरामागच्या पत्र्याखाली होतं. ताटलीत पाणी घालून अब्बांनी टेबलाची पातळी पाहिली, एका कोपऱ्यात पत्र्याचा तुकडा सारायला लावला आणि पाइप मोजले. पाचच.

सहावा, तो चेपलेला, मी बोळात टाकून दिला होता. अब्बांनी मला बॅटरी देऊन परत पाठवलं.