बागुलबुवा आणि मोज्याचे घुबड

"झोप, नाहीतर बागुलबुवा येईल!" हे वाक्य कधीच बोलले गेले नाही असे घर आपल्या वस्तीत क्वचितच सापडेल. आई दिवसभर राबून आलेली, बाप रात्रपाळीला गेलेला, आजीचे गुडघे दुखतात आणि पोर काही डोळा मिटत नाही. मग बागुलबुवाला बोलावणे जाते. पोर गप्प होते, पण गप्प झालेले पोर झोपलेले असतेच असे नाही. ते अंधारात डोळे घट्ट मिटून घाबरत पडलेले असते.

मी बरीच वर्षे बालवाडीत शिकवते आहे. तीन ते सहा या वयात मुलांची कल्पनाशक्ती झपाट्याने वाढते. परंतु खरे काय आणि मनातले काय, हे वेगळे करणे त्यांना अजून जमत नाही. म्हणून या वयात पुष्कळ मुलांना अंधाराची भीती वाटते. तो हट्ट नव्हे.

आमच्याकडे चार वर्षांची एक मुलगी होती. रात्री अंथरूण ओले करायची आणि सकाळी मार खायची. खरे तर या वयात पुष्कळ मुलांचे असे होते. मारून ते थांबत नाही. आईने विचारले, मी विचारले. ती पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत उभी राही. त्या सुमारास आम्ही बाहुल्यांचा खेळ सुरू केला होता. दोन खुर्च्यांना जुनी साडी बांधली की झाला पडदा. जुन्या मोज्याला दोन मोठी बटणे शिवली की झाला घुबडमामा. आवाज बाईंचा आहे हे मुलांना पक्के ठाऊक असते, तरी ती बोलतात मामाशीच.

मामा म्हणाला, "मी रात्री जागतो, उंदीर पकडतो. तरी मला एका आवाजाची भीती वाटते. तुम्हाला कशाची वाटते?" ती मुलगी उठून पडद्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "आमच्या पत्र्यावर रात्री कोणतरी चालतं."

मोठी माणसे अशा बोलण्यावर हसतात नाहीतर रागावतात. बाहुली दोन्ही करीत नाही.

पुढच्या खेळात पत्राच बोलू लागला. दिवसा उन्हाने तापून तो फुगतो, रात्री गार होऊन आकसतो, तेव्हा तडतड वाजतो. मग रातकिडा आला आणि पंखावर पंख घासून कसा आवाज काढतो ते त्याने सांगितले. पाल म्हणाली, मी दिव्याजवळचे किडे खाते. मुलीच्या वडिलांना मी सुचवले की, एका रात्री तिला मांडीवर घेऊन दोघांनी पत्र्याचे आवाज मोजावेत. त्यांनी मोजले. पुढे ती रात्री वडिलांना हाक मारून उठवू लागली.

रात्री सगळेच निर्धास्त असते असे मात्र आम्ही शिकवीत नाही. मण्यार रात्रीच बाहेर पडते. म्हणून मामा सांगतो, बॅटरी घ्या, पायाखाली बघा, मोठ्यांना सोबत न्या. खोट्याला भिणारे मूल खऱ्या धोक्यापासून जपायला शिकत नाही.

एका ताईंनी सुचवले, "बागुलबुवाचीही बाहुली करा, मुले ऐकतील." मी नकार दिला. ज्या बाहुलीने एकदा घाबरवले, तिला मूल पुन्हा मनातले सांगणार नाही.

हा काही श्रीमंतांचा खेळ नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनी कळसूत्री बाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. तेथील परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केले, तेव्हा पाने, बिया, खडे हेच त्यांचे शिक्षणसाहित्य होते.

मातांनो, घरात एखादा एकटा पडलेला मोजा असेलच. त्याला बटणे लावा. झोपण्यापूर्वी पाच मिनिटे त्याला बोलू द्या, आणि मग तुम्ही गप्प राहून मूल काय सांगते ते ऐका.