आठचा अलार्म

सकाळी आठ आणि रात्री आठ. माझ्या मोबाईलचा अलार्म दिवसातून दोनदा वाजतो. सकाळचा कंपनीच्या बसमध्ये, रात्रीचा मंथ एंड असेल तर ऑफिसातच. कुणीतरी हमखास विचारतं, "कुणाचा गं मिस्ड कॉल?" मी हसते, पर्समधून डबी काढते, गोळी गिळते आणि पुन्हा एक्सेल शीटमध्ये डोकं घालते.

माझ्या पोटात, उजवीकडे खाली, आईची किडनी आहे. लघवी उलटी वर चढायच्या जन्मजात दोषाने माझ्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. २००८ मध्ये, मी दहा वर्षांची असताना, मुंबईत ऑपरेशन झालं. १९९४च्या कायद्याच्या भाषेत आई माझी 'निकटची नातेवाईक'. सरकारी कागदाला आई एवढीच कळते!

आमचं घर बजाजनगरला. पप्पा वाळूज एमआयडीसीत. गल्लीतली सगळी घरं कंपनीच्या शिफ्टवर चालायची, आमचं माझ्या गोळ्यांवर. लोकांना वाटतं, ऑपरेशन झालं की सुटलो. पण शरीराला ही किडनी कायम परकीच वाटते. ते तिच्यावर चाल करून जाऊ नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या रोज, जन्मभर. त्यामुळे साधा ताप आला तरी घरात धावपळ.

डॉक्टरांच्या फायलीत क्रिएटिनिन, बीपी, वजन सगळं असायचं. तेरा वर्षांच्या मुलीला ज्याचं टेन्शन असतं, तो चेहरा मात्र कुठल्याच रकान्यात नव्हता. स्टिरॉइडने माझे गाल फुगले, उंची अडली. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत मी कायम पहिली आणि वर्गात माझं नाव 'टमाटर'. गाडीवरची पाणीपुरी बंद. सहलीला मी, माझी पाण्याची बाटली आणि... आई!

अकरावीत, २०१४ मध्ये, मी बंड केलं. आधी एक रात्र गोळी टाळली, मग दोन. गोळी चुकली तरी त्या दिवशी काहीच होत नाही, हीच तर खरी फसवणूक. पंधरा दिवस गोळ्या कुंडीत जात होत्या आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, "गोळी घेतली का गं?" की मी बिनधास्त "हो" म्हणायचे. नेहमीच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन १.१चं २.४ झालेलं निघालं. रिजेक्शन. तीन दिवस सलाईनमधून स्टिरॉइड. आकडा उतरला, पण १.६ वर थांबला. तो आजही तिथेच आहे.

वॉर्डात मी वाट बघत होते, आई आता ऐकवणार, "मी तुला किडनी दिली आणि तू..." ती एवढंच म्हणाली, "मला सांगायचं तरी होतंस." मी रडत म्हटलं, "सगळं तुझंच आहे. किडनी तुझी, गोळ्यांची वेळ तुझी. माझं काय आहे यात?" त्यावर ती काहीच बोलली नाही. घरी आल्यावर मात्र डबी माझ्या टेबलावर ठेवली. आठवडाभर ती आठ वाजता स्वयंपाकघराच्या दारात यायची आणि तोंड घट्ट मिटून परत जायची. किडनी देण्यापेक्षा हे तिला जड गेलं असणार.

नंतर डॉक्टरांकडून कळलं की असं करणारी मी एकटी नाही. बसवलेली किडनी गमावण्याचा मोठा धोका जगभर याच वयात असतो आणि चुकवलेल्या गोळ्या हे त्याचं एक मोठं कारण. म्हणून बारा-तेराव्या वर्षापासूनच मुलाशी एकट्याशी बोलावं, औषधांची नावं त्याला पाठ असावीत, जबाबदारी हळूहळू सोपवावी. १९९८ मध्ये दिल्लीत वडिलांच्या यकृताचा तुकडा मिळालेला संजय कंदासामी हे बाळ पुढे स्वतःच डॉक्टर झालं. म्हणजे ही मुलं नुसती जगत नाहीत, मोठीही होतात. फक्त त्यांना मोठं होऊ द्यायला हवं!

आता मी पुण्यात नोकरी करते. रात्री आठला अलार्म वाजतो आणि सव्वाआठला बजाजनगरहून फोन येतो. गोळीबद्दल एक अक्षर नाही. "जेवलीस का?" एवढंच.

मी म्हणते, "हो गं, घेतली."